‘खाडी’ बंद करताना

सदा गेल्याचं मला केळकरांनी फोनवर सांगितलं तेव्हा मी वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात जेवत होते, आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते, "काहीतरीच काय बोलताय!" केळकर म्हणजे डोंबिवलीच्या एका सहकारी बँकेत कॉम्प्युटर सांभाळणारे, आमच्याच कंपूतले, जन्मात कधी कुणाची थट्टा न केलेले गृहस्थ. "पहाटे हार्ट अटॅक आला. शेजाऱ्यांनी बाळकुमहून कळवलं," एवढंच ते म्हणाले. अशा वेळी माणूस रडतो, रजा टाकतो, रिक्षा पकडतो. मी सदाच्याच घरचा नंबर फिरवला. पलीकडून ती ओळखीची किंकाळी आली. सदाच्या घरी फोन केला की माणूस उचलायचाच नाही, फोनला कॉम्प्युटर जोडणारा मोडेम उचलायचा आणि कानात चिरकायचा. त्याच्या मेहुण्याने तर फोन करणंच सोडून दिलेलं. मी मुकाट्याने ऑफिसचा मोडेम जोडला. पडद्यावर नेहमीसारखं ‘खाडी लॉगिन’ उमटलं. खाडी हे त्याच्या मशीनचं नाव. आत शिरले आणि सवयीने ‘हू’ ही कमांड दिली, आत्ता मशीनवर कोण कोण आहे ते सांगणारी. दोन नावं आली. एक माझं आणि दुसरं सदाचं... 

"हा बघा, आहे की!" मी मोठ्याने म्हणाले. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने वळून पाहिलं. मग मी पुढचा रकाना वाचला. काल रात्रीपासून त्याने एकही बटण दाबलेलं नव्हतं. जेवणाचा डबा तसाच टाकून मी बाळकुमला निघाले.

सदानंद नाखवा. बाळकुमचा कोळी, वडलांची होडी खाडीत होती, आणि हा इंजिनीअर होऊन बसला. गरीब बिचारा, अबोल वगैरे मुळीच नव्हता हं, आधीच सांगून ठेवते. माणूस गेला की त्याला लगेच संत करायची आपल्याकडे घाईच असते. सदा मोठ्याने बोलायचा, मोठ्याने हसायचा, दुसऱ्याचं वाक्य अर्ध्यात तोडायचा आणि आपण चुकलो हे कबूल करायला त्याला किमान एक आठवडा लागायचा. आम्ही दोघं एका रंगाच्या कारखान्यात कॉम्प्युटर विभागात एकाच महिन्यात लागलो. मी डोंबिवलीची, वरणभातवाली, पाध्यांची मुलगी. त्याने पहिल्याच दिवशी विचारलं, "पाध्येबाई, डब्यात काय? भाजी? मग राहू दे." सहा महिन्यांत त्याने मला त्याच्या घरी नेऊन जवळा खायला शिकवला आणि वर आमच्या आईला ते येऊन सांगितलंसुद्धा. आईने आठवडाभर माझ्याशी अबोला धरला.

ऐंशीचं दशक संपत आलेलं तेव्हा आमच्या कारखान्यात युनिक्स या प्रणालीवर चालणारं मशीन आलं. आज पोरांना सगळं खिडक्या उघडून-मिटून जमतं, तेव्हा काळा पडदा आणि त्यावर आपण टाइप केलेली अक्षरं, बस. मशीन महागाचं, युनिक्सही विकतचं, आणि त्यावर दरवर्षीचा सपोर्टचा करार. म्हणजे काही बिघडलं की फोन करायचा, मग टाय लावलेला एक इंजिनीअर येणार. हा इंजिनीअर पहिल्या दिवशी आम्हाला एक गोष्ट शिकवून गेला. मशीन बंद करण्याआधी ‘सिंक’ असं टाइप करायचं आणि एंटर मारायचं. लगेच पुन्हा सिंक. आणि पुन्हा एकदा सिंक. मशीनच्या डोक्यात, म्हणजे मेमरीत, जे काही घोळत असतं ते सिंक केल्यावर डिस्कवर नीट लिहिलं जातं, आणि मग वीज गेली तरी हरवत नाही. "पण तीनदा का?" सदाने विचारलं. इंजिनीअर म्हणाला, "आम्हाला असंच शिकवलंय." त्यावर सदाने त्याला असं काही छेडलं की तो पुढच्या खेपेला सदा कामावर नसेल ते बघूनच आला. पुढे आम्हाला कळलं, की काम पहिल्या सिंकनेच सुरू होतं. पण ते व्हायला जरा वेळ लागतो, आणि उरलेले दोन टाइप करेपर्यंत तो वेळ आपोआप जातो. "माणसाने घाई करू नये म्हणून गं," सदा म्हणाला. आमच्या आजोबांच्या आचमनासारखंच, मी म्हटलं. त्याला ते इतकं आवडलं की त्यानंतर मशीन बंद करायची वेळ आली की तो ओरडायचा, "पाध्येबाई, आचमन!"

सिंक केल्यावर मशीन काहीच म्हणत नाही हेही तेव्हाच कळलं. झालं, छान, धन्यवाद, काही नाही. खालच्या ओळीवर चौकोन लुकलुकत राहतो. युनिक्सची ती रीतच आहे, चुकलं तर बोलायचं, काम झालं तर गप्प बसायचं. मला सुरुवातीला धाकधूक व्हायची, झालं की नाही झालं? सदा म्हणायचा, "काही बोलला नाही ना? मग ऐकलं त्याने."

मग एकदा ऐन बिलांच्या दिवसांत मशीन पडलं ते उठेचना. सपोर्टला फोन केले, रोज केले. साहेब आमच्या डोक्यावर उभे. शेवटी टायवाला आला, करार उघडून बघितला आणि म्हणाला, हा बिघाड यात बसत नाही. झालं! हात झटकून मोकळा. सदाने दोन दिवस खाली मान घालून ते मशीन उठवलं, आणि त्यानंतर तो बदलला. ज्याच्या पोटात काय आहे ते बघायचीच परवानगी नाही, अशी गोष्ट आपण विकत का घ्यायची, हा त्याचा धोशा सुरू झाला. त्याच सुमाराला आम्ही ठाणे, डोंबिवली, कल्याणचे युनिक्सवाले एकत्र यायला लागलेलो. डोंबिवलीत माझ्या वडलांच्या शिकवणीचा वर्ग रविवारी रिकामा असायचा. तिथे बाकांवर आम्ही, फळा, खडू आणि आईने भरून दिलेला चहाचा थर्मास. कुणाच्या बँकेत काय अडलं, कुणाच्या कारखान्यात काय फुटलं, ते तिथे मांडायचं, आणि उत्तर कुणी दिलं याला काही भाव नसायचा. केळकर होते, ठाण्याचा मोकाशी होता, कल्याणचा जाधव होता. मला वाटतं माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे रविवार ते.

आणि ते आम्ही मातीत घातले. कुणी परक्याने येऊन नव्हे हो, आम्ही स्वतः. नव्वदीचं दशक अर्ध्यावर आलं तेव्हा फुकटची युनिक्स आली, फ्लॉप्यांच्या थप्प्यांवरून. मोकाशीने लिनक्स आणलं. सदाने ते लगेच एका जुन्या मशीनवर चढवलं, तीच ही खाडी. घरचा फोन मोडेमला जोडला आणि सगळ्यांना सांगितलं, रविवारची वाट कशाला बघता, प्रश्न इथे टाका, उत्तरं इथे वाचा. पण जाधव म्हणाला, लिनक्स कालचं पोर, खरं युनिक्स म्हणजे बीएसडी, तेही फुकटच आहे आणि त्याला घराणं आहे. केळकर म्हणाले, फुकटचं काहीच नको. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, मी आजही तेच म्हणेन. "उद्या बँक उघडायच्या वेळेला मशीन पडलं तर मी कुणाची कॉलर धरू? तुझ्या त्या इंटरनेटवरच्या पोरांची?" सदा नुसता हसला. मग काय, शब्दाने शब्द वाढला. केळकरांना कुणी कंपन्यांचा दलाल म्हणालं, जाधवला कुणी भटजी म्हणालं, मोकाशी खडू फेकून निघून गेला. वर्षभरात तीन मंडळं झाली. डोंबिवलीत विकतची, ठाण्यात लिनक्सची, कल्याणला बीएसडीची. आणि तिन्ही रविवारी सकाळी दहालाच भरायची! मुद्दाम, बरं का. म्हणजे इकडच्याला तिकडे जाताच येऊ नये.

सदा तिन्हीकडे जायचा. एका रविवारी इथे, दुसऱ्या रविवारी तिथे, आणि तिन्हीकडे त्याच्याकडे फितूर म्हणून बघायचे. वेळ तरी बदला, म्हणून त्याने किती विनवण्या केल्या. ज्या माणसाने कुणाकडे कधी काही मागितलं नाही, तो फोनवर अजिजी करायचा हे मी माझ्या कानांनी ऐकलंय, आणि मला त्याचा राग यायचा. कशाला यांच्या पाया पडतोस, मी ओरडायचे. खाडीवर येणारे फोन कमी होत गेले. त्याने गेल्या डिसेंबरात शेवटचा प्रयत्न केला. तिन्ही मंडळांना बाळकुमला घरी जेवायला बोलावलं. सुलभा, त्याची बायको, शेजारच्या बालवाडीत शिकवते. तिने दोन दिवस खपून स्वयंपाक केला. कोलंबीचं कालवण, तळलेले बोंबील, तांदळाच्या भाकऱ्या, आणि आमच्यासारख्यांसाठी वेगळं वालाचं बिरडं. मी गेलेले. मी एकटीच गेलेले.

सदा दारात उभा. दुपार कलली तरी उभा. खाडीवरून वारा येत होता आणि आत टोपांवर झाकणं घातलेली. मग तो माझ्याशेजारी पायरीवर बसला आणि म्हणाला, "शुभांगी," बाई न म्हणता त्याने मला पहिल्यांदाच नावाने हाक मारली, "तिकडे अमेरिकेत युनिक्स फुटलं तेव्हा तिथे कंपन्या होत्या, वकील होते, कोर्टकचेऱ्या होत्या. आपल्याकडे काय होतं गं फुटायला? एक वर्ग आणि एक थर्मास..." ते सगळं जेवण सुलभाने आळीत वाटलं. आमची ती शेवटची भेट.

तर आता बाराव्याचा दिवस. तिन्ही मंडळांतले लोक आले. सदाने हातापाया पडून जे जमलं नाही ते मरून जमवलं, असं मला अगदी तोंडावर म्हणायचं होतं त्यांना. विधी उरकल्यावर सुलभाने केळकर, मोकाशी, जाधव आणि मला आतल्या खोलीत नेलं. खिडकीशी टेबल, टेबलावर खाडी, घूं घूं करत चालू. पडद्यावर सदाचं नाव आणि पुढे लुकलुकणारा चौकोन. तो उठून गेला तसंच सगळं होतं. "हे बटणाने कधी बंद करायचं नाही, असं ते सांगायचे," सुलभा म्हणाली. "डिस्क म्हातारी झालीय, मध्येच वीज गेली तर परत उठायची नाही, म्हणायचे. मी तेव्हापासून हात लावलेला नाही. पण वीज गेल्यावर हे चालू ठेवणारी बॅटरी दमलीय, आता थोडाच वेळ टिकते. मला हे नीट बंद करून द्या. यात त्यांचं सगळं बोलणं आहे. घरात काय, जेवायला वाढ आणि दिवा घालव, एवढंच बोलायचे. जे काही बोलले ते रात्री बसून इथेच." 

तिने केवढं मागितलं होतं? मशीन नीट बंद करा, एवढंच. पण नीट बंद करायला मुख्य पासवर्ड लागतो आणि तो फक्त सदाला ठाऊक. मोकाशी म्हणाला, तीन बटणं एकदम दाबली की लिनक्स आपण होऊन व्यवस्थित बंद होतं. जाधव म्हणाला, सदाने ती सोय काढून टाकली असेल तर? केळकर म्हणाले, असल्या बटणांच्या भरवशावर राहता म्हणूनच तुमच्यावर ही पाळी येते, करार असता तर आज माणूस आला असता. "तुमचा माणूस! येऊन करार वाचणार तुमचा माणूस!" मोकाशी ओरडला. मग निदान आतलं फ्लॉप्यांवर तरी उतरवून घेऊ, मी म्हटलं. तर कोणत्या पद्धतीने उतरवायचं, उद्या ते कुणाच्या मशीनवर वाचता येईल, यावरून नवीन भांडण. बाराव्याच्या दिवशी! ज्याचं बारावं, त्याच्याच पडद्यासमोर! दारात सदाची आई येऊन उभी राहिलेली. कोळणीचा खणखणीत आवाज तिचा, पण त्या दिवशी पार बसलेला. तिने मला विचारलं, "बाय, त्याचा जीव हाय त्या मशीनान. आन हे भांडतान कनाला?" शेवटी तिघांनीही ‘बिघडलं तर आमच्यावर नको’ म्हणत अंग काढून घेतलं, आणि चहा पिऊन तीन वेगवेगळ्या रिक्षांनी गेले. मीही गेले. दुसरं काय करू शकत होते ते तेव्हा मला सुचलं नाही.

त्याच आठवड्यात एका दुपारी ऑफिसात माझा फोन वाजला. पलीकडे सुलभा, आणि तिच्या मागे बॅटरीची ती जीवघेणी पिंपिं. "शुभांगीताई, वीज गेली. बराच वेळ झाला. आता हे जोरजोरात ओरडायला लागलंय. काय करू? मोकाशी सांगत होते ती तीन बटणं दाबू?" आणि मग ते आठवलं. किती साधं होतं! सिंकला मुख्य पासवर्ड लागत नाही. कुणालाही देता येतो. विकतचं असो, फुकटचं असो, केळकरांचं, मोकाशीचं, जाधवचं, सगळ्यांच्या युनिक्सवर तो एकच शब्द आहे. आम्ही चौघं त्या खोलीत तोंडाला फेस येईपर्यंत भांडलो, आणि चौघांच्याही बोटांत मुरलेली ती एक गोष्ट कुणाला आठवली नाही. मशीन बंद नसतं झालं त्याने, पण सदाचं बोलणं तरी डिस्कवर गेलं असतं.

"वहिनी, खुर्चीवर बसा," मी म्हटलं. "एस, वाय, एन, सी. मग एंटर." ती एकेक अक्षर मोठ्याने म्हणत शोधत होती, बालवाडीतल्या पोरांना शिकवावं तशी. "दाबलं. शुभांगीताई, काहीच झालं नाही! नुसता चौकोन लुकलुकतोय. काही म्हणतच नाही हे!"

"काही म्हणत नाही म्हणजे झालं. ऐकलंय त्याने. आता परत तेच. घाई नको."

पुन्हा एस, वाय... पिंपिं वाढत चाललेली. एन, सी. दुसऱ्यांदा झालं. तिसऱ्यांदा ती अक्षरं म्हणताना तिचा आवाज फुटला, पण बोटं थांबली नाहीत. एंटर दाबल्याचा आवाज मला फोनवर ऐकू आला. मग ती पिंपिं एकदम थांबली. घूं घूं थांबली. मी इतकी वर्षं त्या घरी फोन करतेय, पण तिथली शांतता मी तोपर्यंत ऐकलीच नव्हती. मग सुलभा म्हणाली, "गेलं." तेवढंच. आणि मग तो बाराव्याला न फुटलेला हुंदका फुटला, आणि ठाण्याच्या ऑफिसात भर दुपारी मीही टेबलावर डोकं ठेवून रडले. केळकरांचा फोन आला तेव्हा जे रडू आलं नव्हतं, ते तेव्हा आलं.

मशीन अजून चालू केलेलं नाही. सगळं बोलणं डिस्कवर नीट गेलं असेलही. डिस्क म्हातारी आहे, उठेल किंवा उठणार नाही. उठली नाही तर? सुलभाला ते बघायची हिंमत होत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही. मोकाशी मला म्हणाला, मी येऊन चालू करून देतो. जाधवही तेच म्हणाला आणि केळकरही. सुलभाने तिघांना एकच निरोप दिलाय, तिघं एका दिवशी एकत्र या आणि मग लावा हात. या गोष्टीला काही आठवडे झाले. एकाला हा रविवार चालतो, दुसऱ्याला तो चालत नाही. रविवारी सकाळी दहाला तीन ठिकाणी तीन मंडळं भरतायत... खाडीवर तिने स्वच्छ धुतलेला टॉवेल टाकून ठेवलाय.

गेल्या रविवारी दहा वाजता माझा हात आपणहून फोनकडे गेला. बाळकुमचा नंबर फिरवला आणि सवयीने रिसीव्हर कानापासून लांब धरला, किंकाळीच्या तयारीने. रिंग वाजली. वाजत राहिली. मग कुणीतरी उचलला. "हॅलो?" सुलभा होती. त्या नंबरवर माणसाचा आवाज! तिने पुन्हा हॅलो म्हटलं. मी नुसता श्वास घेत बसले. 

"शुभांगीताई ना?" ती म्हणाली, आणि जरा थांबून, अगदी हळू, "राहू द्या. काही बोलत नाही म्हणजे ऐकलंय... असंच ना?"

तिने फोन ठेवला नाही. मीही नाही.